जुने घर पाडण्यापूर्वी



गळीत हंगाम संपतो, उसाचे बिल खात्यावर जमा होते, आणि आपल्या कार्यक्षेत्रात दरवर्षीचे एक दृश्य दिसू लागते. गावोगावी जुन्या घरांची पाडापाडी सुरू होते. पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून घाई असते. जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा असतो. "सगळं मिळून काय द्यायचं ते सांगा," असे म्हणत तो व्यवहार एकरकमी उरकतो. चार दिवसांत आजोबांनी बांधलेले घर उचलून नेले जाते, आणि मागे राहिलेली दगडमाती ओढ्यात लोटली जाते.

कारखान्याच्या वार्तापत्रात घराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ऊस लावणे, राखणे, तोडणे यांत आपण वर्ष-दीड वर्ष घालवितो, आणि त्यातून जो पैसा हाती येतो त्याचा मोठा वाटा आयुष्यात एकदा घराला लागतो. उसाच्या एका टनाला दहा-वीस रुपये जास्त मिळावेत म्हणून आपण सभेत तावातावाने बोलतो. पण घराच्या कामात लाखभर रुपयांचा माल फुकापासरी घालवितो, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आम्हीही काढले नव्हते. म्हणून हा लेख लिहिताना आधी आमचीच चूक सांगतो.

एक वाडा, दोन वाटण्या

आमचा वाडा दोन भावांचा. पुढचा सोपा आणि उजवी बाजू आमच्या आबांकडे, डावी बाजू व मागचे माजघर चुलत्यांकडे. भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट रुंद. आत सागवानी खांब, त्यावर तुळया, कडीपाट, आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात बाहेर भाजून निघालेला माणूस उंबऱ्याच्या आत आला की अंगावर गार पाणी ओतल्यासारखे वाटे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वाड्याच्या मागच्या भिंतीला पोट सुटले, पण भिंत पडली नाही. आबांनी ती टेकू देऊन तशीच ठेवली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. वर्तमानपत्रांतले ते फोटो पाहून आबांची झोप उडाली. रात्री उठून ते बॅटरीने मागच्या भिंतीचे पोट बघत बसत. एका ठेकेदाराने त्यांना सांगितले, "आबा, माती म्हणजे मरण. पाडा आणि सिमेंटात बांधा, निवांत झोपाल."

१९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही आमची बाजू पाडली. सागवान एकरकमी विकले. जेवढ्याला विकले तेवढ्या रकमेत पुढे नव्या घराचे चार दरवाजेसुद्धा आले नाहीत, आणि ते दरवाजे पहिल्याच पावसात फुगले. पतसंस्थेचे कर्ज उसाच्या बिलातून चार हंगाम कपात होत राहिले.

आण्णा, म्हणजे आमचे थोरले चुलतभाऊ, यांनी मात्र त्यांची बाजू लगेच पाडली नाही. किल्लारीच्या भागात मदतीच्या ट्रकबरोबर ते स्वतः गेले होते. परत आले तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोप्यात बसून म्हणाले, "अरे, तिथं मी एक गोष्ट बघितली. भिंती चारी अंगांनी ढासळल्यात, पण कितीतरी घरांत लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या होत्या. मग माणसं कशानं मेली? हे मला कळलं पाहिजे, मगच मी घराला हात लावणार."

आम्ही त्यांना त्यावेळी हसलो. आज तीस वर्षांनी हसू येत नाही.

मातीने मारले की बांधणीने?

आण्णांनी विचारलेला प्रश्न नंतर जाणकार अभियंत्यांनीही अभ्यासला, आणि उत्तर जवळपास तेच निघाले. त्या भागातल्या भिंती रुंद होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेरून एक दगडी पाळ, आतून दुसरी पाळ, आणि मधे चिपा व माती भरलेली. दोन्ही पाळी एकमेकींना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. दगडही गोलसर, घडविलेले नव्हते. धक्का बसताच दोन्ही पाळी पुस्तकाची पाने उघडावीत तशा फाकल्या आणि कोसळल्या.

दुसरा दोष डोक्यावर होता. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती टाकायची पद्धत. असे करता करता थर फूट-दोन फूट जाड होत जाई. याचा हिशेब आपण करून पाहू. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. दोन बैलगाड्या भरून ऊस डोक्यावर टांगून त्याखाली झोपण्यासारखे हे आहे. त्याच खोलीवर मंगलोरी कौले घातली तर कौलांचे वजन चार-पाच क्विंटलांत भागते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा भूकंप झाला. तिथे 'भुंगा' नावाची गोल घरे असतात. भिंत मातीची, छप्पर गवताचे. यांतली चांगल्या रीतीने बांधलेली घरे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. आणि त्याच धक्क्यात, दूरवरच्या अहमदाबादेत, सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या.

तेव्हा माती मारते आणि सिमेंट तारते असा सरळ हिशेब नाही. घर कशाचे आहे यापेक्षा ते कसे जोडले आहे आणि त्याच्या डोक्यावर भार किती आहे, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. ही गोष्ट आम्हाला १९९४ साली कोणी सांगितली असती तर वाडा पाडण्याऐवजी त्याचे माळवद उतरविले असते, भिंतीत आरपार दगड घातले असते, खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू ठोकले असते. किल्लारीनंतर शिल्लक राहिलेल्या घरांच्या मजबुतीसाठी याच गोष्टी सुचविल्या गेल्या.

आण्णांचे घर

आण्णांनी १९९६ साली काम काढले. पाडण्याचे काम त्यांनी यंत्राला दिले नाही. एक म्हातारा गवंडी, एक सुतार आणि घरची माणसे. वरून खाली, घर ज्या क्रमाने बांधले त्याच्या उलट क्रमाने उतरविले. कौले एकीकडे रचली, वासे एकीकडे, फळ्या एकीकडे. दगडांचे तीन ढीग केले: घडीव, बिनघडीव, आणि चिपा. भिंतीतली माती चाळून झाकून ठेवली. या कामाला वीस-बावीस दिवस लागले. गावाने नावे ठेवली. "आण्णा घर पाडतोय का मोती वेचतोय," असे पारावर बोलले जाई.

लाकडाचा हिशेब सुताराने केला. तुळयांची भिंतीत गाडलेली टोके ओलीने आणि वाळवीने खाल्लेली निघाली. ती फूट-दीड फूट कापून टाकली. उरलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा सरस, कारण साठ-सत्तर वर्षे मुरलेले. जे आकसायचे, वाकायचे ते केव्हाच वाकून झालेले असते. मोठ्या खोलीच्या तुळया लहान खोलीला आल्या, लहान खोलीच्या तुळयांच्या चौकटी झाल्या, आणि चौकटींचे उरले ते देवघराला लागले.

जोत्याला आणि खिडकीच्या तळापर्यंतच्या भिंतीला तेच जुने घडीव दगड वापरले. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घातला. जोत्यावर एक, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर एक आणि छपराखाली एक असे तीन पट्टे, सळई घातलेल्या काँक्रीटचे, सगळ्या भिंतींवरून सलग फिरविले. पेटीला पोलादी पट्टी मारावी तसे. म्हणजे सिमेंट अजिबात वापरले नाही असे नाही. जिथे लागते तिथेच वापरले.

काळी आणि पांढरी

भिंतीचा वरचा भाग मातीच्या दाबविटांचा आहे. इथे आपल्या भागातल्या सभासदांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. आपले वाडवडील गावच्या जमिनीचे दोन भाग मानीत. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळ्या मातीने ऊस पिकतो, पण घर टिकत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने फाटते. म्हणून काळ्या रानात घर बांधायचे झाल्यास पाया खाली मुरमापर्यंत नेला पाहिजे, आणि भिंतीसाठी काळी माती घेता कामा नये.

माती योग्य आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाला बसते, त्यावर गाळ बसतो आणि चिकणमाती सर्वांत शेवटी, कधी कधी दुसऱ्या दिवशी बसते. तळचा वाळूचा थर दोन तृतीयांशांच्या आसपास आणि चिकणमाती दहा ते पंधरा टक्के असेल तर माती दाबविटांना चांगली. चिकण जास्त असेल तर मुरूम किंवा दगडाची कच मिसळावी. आण्णांच्या वाड्याच्या भिंतीतली पांढरी माती या परीक्षेत थोडीशी कच घालून उतरली.

अशा मातीत पाच ते सात टक्के सिमेंट, म्हणजे अठरा-वीस घमेल्यांना एक घमेले, थोडे पाणी घालून हातयंत्रात दाबले की वीट तयार होते. ती भाजायची नसते. सावलीत ठेवून तीन-चार आठवडे ओली राखली की झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' नावाचा विभाग निघाला. त्यांनी अशा विटांवर आणि हातयंत्रावर पुष्कळ काम केले. पुढे १९८९ पासून ऑरोव्हिलच्या मृत्तिका संस्थेनेही हेच तंत्र देशभरच्या लोकांना शिकविले.

भाजलेल्या विटेविषयी शेतकरी म्हणून आपला एक वेगळा हिशेब आहे. नऊ बाय चार बाय तीन इंची विटेचे वजन तीन किलोच्या आसपास. वीस हजार विटांच्या घराला साठ टन माती लागते. एका एकरात साठ टन ऊस निघाला तर आपण पेढे वाटतो. इथे साठ टन मातीच निघून जाते. अर्धा फूट थर काढायचा म्हटले तर अडीच गुंठ्यांहून जास्त रान सोलले जाते. वीटभट्टीला माती विकणाऱ्याला रोख पैसा दिसतो. त्या रानात पुढे कितीही खत घातले तरी वरचा कसदार थर परत यायला पिढ्या जातात. जुन्या भिंतीतली माती ओढ्यात लोटायची आणि चांगल्या रानाची माती विटांसाठी विकायची, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

चुना आणि गूळ

दगडांच्या दर्जा भरायला आण्णांनी चुना वापरला. आपल्याकडे पूर्वी चुनखडी भाजून, कळीचा चुना विझवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळला जाई. त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालीत. म्हणजे उसाचे आणि घराचे नाते कारखाना निघण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

चुना सिमेंटसारखा एका दिवसात धरत नाही. हवेतला कर्बवायू शोषून तो सावकाश दगड बनतो. म्हणून काम हळू चालते आणि भिंत काही दिवस ओली राखावी लागते. पण त्याचे दोन मोठे गुण आहेत. पहिला, चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते, आणि दोन-चार वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. हे आपण गावोगावी पाहतो आणि मातीला दोष देतो. दुसरा गुण असा की चुन्यात बांधलेली वीट किंवा दगड पुढे कधी सोडवायचा झाला तर छिन्नीने टिपून अख्खा निघतो. सिमेंटात बसविलेली वीट निघत नाही, फुटते.

एक सूचना. कळीचा चुना विझविताना पाणी उकळते व शिंतोडे उडतात. डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये.

इतरांनी काय केले

हा काही आमचा किंवा आण्णांचा शोध नव्हे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ पासून उभ्या राहिलेल्या आश्रमातल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कौले यांच्याच आहेत. त्या आजही जाऊन पाहता येतात. वर्ध्यालाच डॉ. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराने चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्या एकीत एक बसवून कमानीचे छत करण्याची रीत बसविली गेली. त्यात लाकूडही लागत नाही आणि कुंभारालाही काम मिळते.

केरळात लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने तिरुवनंतपुरमला अनेक वर्षे स्वस्त घरे बांधली. २००७ साली वारले तोपर्यंत ते तिथेच राहिले. विटा सपाट न ठेवता उभ्या मांडून मधे पोकळी ठेवायची त्यांची बांधणी प्रसिद्ध आहे. तीत विटा चौथ्या हिश्शाने कमी लागतात, आणि पोकळीमुळे उष्णता आत कमी येते. पाडलेल्या जुन्या घरांचे दरवाजे-खिडक्या, कौलेसुद्धा ते आपल्या कामात वापरीत. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे, हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी आयुष्यभर मनाशी ठेवले होते.

आजच्या काळात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे साडेचौदाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, आणि जगातल्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे आठ टक्के सिमेंटच्या कारखान्यांतून निघतो असे मानले जाते. पाऊस वेळेवर पडत नाही, एप्रिलमधला उसाचा कोंब उन्हाने करपतो, अशी तक्रार करणाऱ्या आपण शेतकऱ्यांनी ही गोष्ट अगदीच कानाआड करू नये.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत

वाचकांनी असा समज करून घेऊ नये की मातीचे घर म्हणजे सुखच सुख. आण्णांच्या वहिनी, म्हणजे आमच्या वहिनीसाहेब, आम्हाला स्पष्टच म्हणाल्या, "लेखात तेवढं गोडगोड लिहू नका. दर मृगाच्या आधी शाकारणी कोण करतं ते पण लिहा."

ते खरे आहे. कौले दरवर्षी परतावी लागतात. वानरांची टोळी एका दुपारी पन्नास कौले फोडून जाते. चुन्याचा हात दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो. वाळवीवर लक्ष ठेवावे लागते. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दोन फूट तरी लांब पडल्या पाहिजेत, आणि जोते दोन-अडीच फूट उंच हवे, नाहीतर भिंतीचा पाय भिजतो. आणि पुढेमागे वर मजला चढवायचा असेल तर हे घर त्यासाठी नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुराच्या रेषेत मातीच्या भिंती बांधू नयेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी कच्च्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहून विरघळल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. नदीकाठच्या सभासदांनी हा लेख वाचून भलते धाडस करू नये. जिथे पाणी चढते तिथे दगड, पक्की वीट, चुना-सिमेंट हेच योग्य.

आणि आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. नैसर्गिक सामानाचे, जागच्या जागी मिळणाऱ्या मालाचे, पुन्हा पुन्हा उचलून उभे करता येणारे सर्वांत साधे घर आपल्या कारखान्याच्या तळावरच दर हंगामाला उभे राहते. ते म्हणजे ऊसतोड मजुराची कोपी. बांबू, चटई आणि उसाचे पाचट. हंगाम संपला की गुंडाळून गाडीत टाकायची. पण तिचे कौतुक करायला आमची जीभ रेटत नाही. थंडीत तिच्यात बाळंतिणी राहतात, एका ठिणगीने ती पेटते. तेव्हा सामान नैसर्गिक आहे एवढ्याने घर चांगले होत नाही. कोरडी जमीन, उजेड, संडास, पाणी आणि निर्धोक चूल असेल तेव्हाच त्याला घर म्हणावे. हे मजुरांनाही लागू आहे आणि आपल्यालाही.

आज दोन्ही घरे कुठे आहेत

आमच्या घराच्या स्लॅबची सळई गंजली आहे. पोपडे सुटून मधल्या खोलीत खाली पडतात, म्हणून तिथे नातवंडांना झोपवत नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आग ओकतो. आईने गेली कित्येक वर्षे एप्रिल-मे कधी आमच्या घरात काढला नाही. दुपारी वाकळ घेऊन ती आण्णांच्या सोप्यात जाते. "माझं घर तिकडंच हाय," असे म्हणते. आम्ही हसण्यावारी नेतो, पण ते लागते.

आण्णांच्या घराने कोयनेचे लहानमोठे धक्के सोसले. भिंतीला तडा नाही. अर्थात फार मोठ्या धक्क्याची परीक्षा अजून झालेली नाही, म्हणून बढाई मारण्याचे कारण नाही. तसे आण्णाच म्हणतात.

यंदा आमच्या मुलाने घर पाडून नवे बांधायचे ठरविले आहे. अंदाज काढायला गवंडी आला होता. स्लॅब आणि भिंती ठोकून पाहिल्यावर आम्ही त्याला विचारले, यातले काय काय पुन्हा वापरता येईल? तो म्हणाला, "सळईचं भंगार जाईल. बाकी राडारोडा. पाया भरायला काही लागला तर लागला, उरलेला टाकायला जागा तुम्हीच बघा."

तीस वर्षांत आम्ही कर्ज काढून राडारोडा बांधला होता.

वाड्याची एकच वस्तू आमच्याकडे उरली आहे. पुढच्या दाराची सागवानी चौकट, कडी-कोयंड्यासकट. व्यापाऱ्याच्या टेम्पोत जागा उरली नाही म्हणून ती राहिली, आणि तीस वर्षे गोठ्यात वैरणीला आड म्हणून उभी आहे. परवा मुलाने आणि आण्णांनी मिळून ती धुऊन काढली, मापे घेतली. नव्या घराचा दरवाजा चौकटीच्या मापाने करायचा ठरला आहे.

पाडण्यापूर्वी एवढे करावे

ज्या सभासदांच्या घराचे काम या उन्हाळ्यात निघणार आहे त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. पाडण्याआधी घर खरोखर पाडायला हवे का, हे जाणत्या अभियंत्याकडून पाहून घ्यावे. बऱ्याच वेळा माळवदाचा भार उतरविणे, आरपार दगड घालणे आणि पट्टा फिरविणे यात काम भागते.

२. लाकडाचा व्यवहार एकरकमी करू नये. सुताराला बोलावून तुळई, वासे, फळ्या, चौकटी यांची लांबी-रुंदी लिहून काढावी. आपल्याला काय लागेल ते आधी बाजूला काढावे, उरले तर मापावर विकावे.

३. वरून खाली, हाताने उतरवावे. यंत्राने एक दिवस वाचतो आणि माल जातो.

४. दगड, कौले, चांगल्या विटा रचून ठेवाव्यात. भिंतीतली पांढरी माती चाळून पावसापासून झाकावी आणि बरणीत टाकून तपासावी.

५. नव्या घराला जोते, माथा आणि छपराखाली असे तीन पट्टे सोडू नयेत. घर मातीचे असो, दगडाचे असो की विटेचे. यात चार पैसे वाचविणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

६. सरकारी घरकुलाचे अनुदान घेणाऱ्यांनी बांधकामाची पद्धत ठरविण्यापूर्वी ग्रामपंचायतीत नियमांची चौकशी करावी, म्हणजे हप्ता अडणार नाही.

गावात चुन्याचे काम जाणणारा एखादा म्हातारा गवंडी, जुने सागवान ओळखणारा सुतार अजून असेल तर त्याचा हात चालतो आहे तोवर त्याच्याकडे दोन पोरे शिकायला बसवावीत. ज्या सभासदांनी जुने सामान वापरून घर बांधले असेल त्यांनी आपला अनुभव, झालेल्या चुकांसह, वार्तापत्राकडे पत्राने कळवावा. चुका जरूर लिहाव्यात. आमची आम्ही लिहिली आहे.